अस्मानी, सुलतानी आणि गावकी

दुष्काळ, महापूर, गारपीट या संकटांना आपल्या भाषेत ‘अस्मानी’ म्हणतात आणि राज्यकर्त्यांकडून येणाऱ्या संकटाला ‘सुलतानी’. शेतकऱ्याच्या दुःखाचा इतिहास लिहिणारे आपले बहुतेक लेखक या दोन शब्दांपाशी थांबतात. वरून आभाळ कोसळते, वरूनच सरकार कोसळते आणि मध्ये शेतकरी भरडला जातो, अशी ही मांडणी असते. या मांडणीत गाव नेहमी निर्दोष असते. गावातले सगळे शेतकरी एकाच दुःखाचे वाटेकरी असतात. सरकारने तिजोरी उघडली की दुःखाचे निवारण झाले, अशी तिची समजूत असते.

मला या लेखात एवढेच म्हणायचे आहे की, अस्मानी आणि सुलतानी यांच्या मध्ये एक तिसरी सत्ता उभी असते आणि तिचे नाव गावकी आहे. आभाळातून आलेले संकट कोणाच्या नावावर नोंदवायचे आणि सरकारातून आलेली मदत कोणाच्या हातावर ठेवायची, हे ही सत्ता ठरवते. आपल्या गावाचे उदाहरण घेतले की ‘तुम्हाला सगळीकडे जातच दिसते’ असे ऐकून घ्यावे लागते. म्हणून मी आधी परक्या मुलुखातले, भर न्यायालयात नोंदवले गेलेले उदाहरण घेतो. आपल्या गावाकडे मग येऊ.

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात ग्रीन नावाची एक काऊंटी आहे. काऊंटी म्हणजे राज्याखालचा प्रशासकीय घटक, आपल्या जिल्ह्या-तालुक्यासारखा. ही काऊंटी ग्रामीण, कापसाच्या काळ्या मातीच्या पट्ट्यातली. तिथे बहुसंख्य लोक काळे आहेत, गुलामांचे वंशज आहेत. १९९४ साली या काऊंटीत पिकांचे नुकसान झाले आणि संपूर्ण काऊंटी आपत्ती-मदतीस पात्र म्हणून जाहीर झाली. शेतकऱ्यांनी अर्ज केले. काऊंटीच्या शेती समितीने ते सगळे मंजूर केले. अपवाद एकाचा. एका काळ्या शेतकऱ्याच्या चार पिकांबाबतचा अर्ज तेवढा तिने नाकारला. हे कोणा चळवळ्याच्या पत्रकातले वाक्य नाही. वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयाचे न्यायमूर्ती पॉल फ्रीडमन यांनी १९९९ साली ‘पिगफोर्ड विरुद्ध ग्लिकमन’ या खटल्याच्या निकालपत्रात ही हकीकत नमूद केली आहे.

सबंध काऊंटीवर एकच आपत्ती आली, तिथे कायदा एकच होता आणि तिजोरीही एकच होती. तरीही एक माणूस बाहेर राहिला. तो कसा राहिला, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागेल.

अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी संपली. त्याच वर्षी जानेवारीत जनरल शर्मन याने एक हुकूम काढून दक्षिणेच्या किनारपट्टीवरची जमीन मुक्त झालेल्या गुलामांच्या कुटुंबांना प्रत्येकी चाळीस एकरांपर्यंत वाटायला काढली. काही हजार कुटुंबे त्या जमिनीवर वसली. पण वर्ष संपण्याच्या आत अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी ती जमीन जुन्या मळेवाल्यांना परत देण्याचे धोरण आखले. माणूस मुक्त झाला, पण जमीन मुक्त झाली नाही. मुक्त माणूस पुन्हा त्याच मळ्यात शिरला, या वेळी गुलाम म्हणून नव्हे तर वाटेकरी म्हणून. बियाणे मालकाचे, औत मालकाचे, उधारीचे दुकान मालकाचे आणि हिशेबाची वहीही मालकाचीच. वर्षअखेरीस वाटेकऱ्याच्या अंगावर कर्ज निघे आणि ते फेडायला तो पुढच्या वर्षी त्याच मळ्यात राही. आपल्याकडच्या सालगड्याला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

१९३३ साली मंदीने कापसाचा भाव पडला, तेव्हा रूझवेल्ट सरकारने शेतीच्या मदतीसाठी कायदा केला. कापूस कमी पिकवा, त्याबद्दल सरकार पैसे देईल, असा तो कायदा. त्या वर्षी सुमारे एक कोटी एकरांवरचा उभा कापूस नांगरून टाकण्यात आला. पैसे आले. पण ते कोणाकडे आले? करार जमीनमालकाशी होता, म्हणून पैसे मालकाकडे आले. वाटेकऱ्याचा हिस्सा मालकाने त्याला द्यावा, अशी अपेक्षा होती. कित्येक मालकांनी तो जुन्या उधारीत वळता करून घेतला. ज्यांना तेवढाही द्यायचा नव्हता त्यांनी वाटेकऱ्यालाच मळ्यातून हाकलले, कारण कापूस कमी करायचा म्हटल्यावर माणसेही कमीच लागणार होती. १९३४ साली आर्कान्सा राज्यात टायरोन्झा गावाजवळ काळ्या आणि गोऱ्या वाटेकऱ्यांनी मिळून आपली संघटना बांधली ती याच अन्यायातून. सरकारच्या शेती खात्यातल्या काही वकिलांनी करारातील कलमाचा असा अर्थ लावला की, मालकाने आपले वाटेकरी कायम ठेवलेच पाहिजेत. फेब्रुवारी १९३५ मध्ये त्या वकिलांना खात्यातून काढून टाकण्यात आले. ज्या सरकारने गरिबाच्या नावाने कायदा केला, त्याच सरकारने त्या कायद्याचा गरिबाच्या बाजूने अर्थ लावणाऱ्याला घरी पाठवले. सुलतानी आणि गावकी यांचा समझोता असा होतो.

या पहिल्या टप्प्यातला धडा साधा आहे. ज्याचे नाव जमिनीच्या कागदावर नाही, त्याला मदत नाही. घाम कोणाचा हे कागद विचारत नाही.

पण काही काळ्या कुटुंबांनी पोटाला चिमटा घेऊन जमीन मिळवली होती. निकालपत्रातल्याच आकड्यांप्रमाणे १९१० च्या सुमारास काळ्या शेतकऱ्यांकडे सुमारे एक कोटी साठ लाख एकर जमीन होती आणि १९२० साली देशात त्यांची सव्वानऊ लाख शेते होती. त्यांचे नाव कागदावर होते. मग त्यांचे काय झाले? इथे दुसरा टप्पा सुरू होतो आणि तो पहिल्यापेक्षा अधिक लक्ष देऊन पाहण्यासारखा आहे.

शेतीची मदत, पिकांचे कोटे, कर्जे, आपत्तीचे पैसे हे सारे वाटण्याचे काम अमेरिकेच्या शेती खात्याने काऊंटीपातळीवरच्या समित्यांकडे दिले. या समित्या तिथल्या शेतकऱ्यांनीच निवडून द्यायच्या. हेतू थोर सांगितला गेला. दूर वॉशिंग्टनमध्ये बसलेल्या कारकुनाला शेतातले काय कळणार? स्थानिक माणसाला शेजाऱ्याची जमीन माहीत असते, पीक माहीत असते, गरज माहीत असते. तेव्हा लोकांचा कारभार लोकांच्या हाती द्यावा. ऐकायला किती लोकशाहीचे वाटते! पण ज्या दक्षिणेत काळ्या माणसाला मत टाकू दिले जात नव्हते, कोर्टात पंच म्हणून बसू दिले जात नव्हते, तिथे ‘स्थानिक माणूस’ म्हणजे कोण? काल ज्याच्या मळ्यात बाप राबला, तोच आज समितीचा सभासद. त्याला शेजाऱ्याची गरज माहीत होती हे खरेच. त्या गरजेचा आपल्याला काय उपयोग, हेही त्याला पक्के माहीत होते. शेजारी कर्जात बुडाला तर त्याचे शेत लिलावात निघेल आणि आपल्या बांधाला लागून असलेले ते शेत आपल्याला स्वस्तात मिळेल.

नागरी हक्कांच्या चळवळीतल्या तरुणांनी हे ओळखले होते. १९६४ पासून मिसिसिपीत त्यांनी मतदार-नोंदणीबरोबरच या शेती समित्यांच्या निवडणुकीतही काळे उमेदवार उभे केले. शाळा, उपाहारगृहे, बसगाड्या यांच्या लढाया जगाने पाहिल्या. शेती समितीच्या निवडणुकीची लढाई फारशी कोणी पाहिली नाही. पण भाकरीची लढाई तीच होती.

ग्रीन काऊंटीचा इतिहास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. १९६८ च्या निवडणुकीत तिथल्या काळ्या उमेदवारांची नावे मतपत्रिकेवरूनच गाळली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाच्या आदेशाने जुलै १९६९ मध्ये पुन्हा निवडणूक झाली आणि काळ्या उमेदवारांनी काऊंटीचे सरकार आणि शिक्षण मंडळ ताब्यात घेतले. पुढच्याच वर्षी काऊंटीचा न्यायाधिकारी आणि पोलीसप्रमुख या जागांवरही काळी माणसे निवडून आली. आपल्याकडे पहिल्यांदा राखीव जागेवर सरपंच झाल्यावर वस्तीत ढोल वाजावा, तसा तो आनंद असणार. आणि तो खराच होता. पण याच काऊंटीत, या विजयानंतर पंचवीस वर्षांनी, आपत्तीचे पैसे वाटताना काळ्या शेतकऱ्याचा अर्ज बाजूला काढला गेला. कचेरीवरची पाटी बदलली, खुर्ची बदलली. पण पीकनुकसानीचा कागद दुसऱ्याच टेबलावर होता. ते टेबल बदलले नव्हते.

हा एकाच काऊंटीतला, एकाच अर्जाचा योगायोग म्हणावा, तर आकडे तसे म्हणू देत नाहीत. शेती खात्याने स्वतःच नेमलेल्या एका संस्थेने १९९० ते १९९५ या काळाची पाहणी केली. तिच्या अहवालानुसार आपत्ती-मदतीच्या पैशांपैकी ९७ टक्के गोऱ्या शेतकऱ्यांकडे गेले होते आणि काळ्या शेतकऱ्यांकडे एक टक्क्याहूनही कमी. १९९७ साली खात्याच्याच नागरी हक्क पथकाने सांगितले की आग्नेयेकडच्या काही राज्यांत काळ्या शेतकऱ्याच्या कर्जाच्या अर्जाला गोऱ्याच्या अर्जापेक्षा तिप्पट वेळ लागत होता. आणि देशभरातल्या ८,१४७ काऊंटी-समिती सभासदांपैकी काळे किती, तर १९९६ साली केवळ ३७.

तिप्पट वेळ म्हणजे काय, हे शेती न करणाऱ्याला कळायचे नाही. त्याच निकालपत्रात व्हर्जिनियातल्या एका काळ्या शेतकऱ्याची हकीकत आहे. त्याने जानेवारी १९८४ मध्ये पेरणीसाठी कर्जाचा अर्ज केला. अर्ज विचाराधीन आहे, असे त्याला सांगितले गेले. पुढच्या महिन्यात सांगितले गेले की असा अर्ज आलेलाच नाही, पुन्हा करा. कर्ज हातात आले तेव्हा मे किंवा जून उजाडला होता आणि पेरणीचा हंगाम निघून गेला होता. कोणी त्याला ‘देत नाही’ म्हटले नाही, शिवी दिली नाही की दारातून हाकलले नाही. फक्त उशीर केला. नकार लेखी असतो, त्याच्यावर अपील करता येते. उशिरावर कोणाकडे अपील करायचे?

तक्रारीचीही तीच गत. १९८३ साली रेगन सरकारच्या काळात शेती खात्यातली भेदभावाच्या तक्रारींची चौकशी करणारी यंत्रणा मोडीत काढली गेली. पण ‘तक्रार करा’ हे सांगणे मात्र चालूच राहिले. लोक तक्रारी पाठवत राहिले आणि त्या तशाच पडून राहिल्या. मग जेव्हा लोक न्यायालयात गेले तेव्हा त्यांना सांगण्यात आले की दाव्याची दोन वर्षांची मुदत संपली आहे. १९९८ साली अमेरिकन संसदेला खास कायदा करून ही मुदत उठवावी लागली.

डिसेंबर १९९६ मध्ये काळ्या शेतकऱ्यांनी अध्यक्षांच्या निवासस्थानासमोर निदर्शने केली. ऑगस्ट १९९७ मध्ये उत्तर कॅरोलायनाचे टिमोथी पिगफोर्ड आणि इतरांनी शेतीमंत्री ग्लिकमन यांच्यावर दावा लावला. १४ एप्रिल १९९९ रोजी न्यायमूर्ती फ्रीडमन यांनी सामुदायिक तडजोडीला मान्यता दिली. या तारखेला आपल्या घरांवर निळे झेंडे असतात. एवढ्याच कारणाने ती माझ्या लक्षात राहिली. निकालपत्राची सुरुवात न्यायमूर्तींनी त्या मोडलेल्या वचनापासून केली आहे, चाळीस एकरांच्या.

तडजोडीनुसार बहुसंख्य अर्जदारांना पन्नास हजार डॉलर रोख आणि शेती खात्याच्या कर्जातून सुटका मिळणार होती. मात्र एक अट होती, आणि या अटीपाशी मी वाचताना थांबलो. अर्जदाराने असा एक विशिष्ट गोरा शेतकरी दाखवायचा की ज्याची परिस्थिती आपल्यासारखीच होती आणि ज्याला आपल्यापेक्षा चांगली वागणूक मिळाली. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी शेजाऱ्याला किती कर्ज मिळाले आणि केव्हा मिळाले, हे गरिबाने सांगायचे. आणि याची सारी दप्तरे मात्र ज्याच्यावर आरोप आहे त्या खात्याच्या कपाटात. पूर्वी तक्रार केली होती याचा कागद नसेल, तर कुटुंबाबाहेरच्या माणसाचे प्रतिज्ञापत्र आणायचे. अन्याय सोसायचा, तो लक्षात ठेवायचा आणि पुराव्यानिशी ठेवायचा.

तरीही सुमारे २२,७०० पात्र अर्ज आले आणि त्यांतले १५,६०० हून अधिक मंजूर झाले. एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम वाटली गेली. पण मुदतीनंतर आलेल्या हजारो लोकांना दारातच अडवले गेले. खटला झाल्याचे आम्हाला कळलेच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्यासाठी पुढे वेगळा लढा द्यावा लागला आणि डिसेंबर २०१० मध्ये अध्यक्ष ओबामा यांच्या सहीने सव्वा अब्ज डॉलरचा दुसरा कायदा झाला. २०२१ साली बायडन सरकारने वंचित गटांतल्या शेतकऱ्यांच्या कर्जमाफीचा कायदा केला, तेव्हा गोरे शेतकरी न्यायालयात गेले आणि ‘हा आमच्यावर वांशिक अन्याय आहे’ म्हणून त्यांनी तो थांबवला. संसदेने २०२२ साली तो मागे घेऊन वंशाचा उल्लेख नसलेली, भेदभाव सोसलेल्या कोणाही शेतकऱ्यासाठीची योजना आणली. तिचे सुमारे दोन अब्ज डॉलर २०२४ साली ४३ हजारांहून अधिक लोकांना मिळाले. आपल्याकडे राखीव जागांविरुद्ध समतेचा दाखला कोण देतो आणि केव्हा देतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या घटनाक्रमात नवे काही वाटणार नाही.

पैसे मिळाले, ते हक्काचेच होते. पण एक गोष्ट विसरता येत नाही. १९२० साली जिथे सव्वानऊ लाख काळी शेते होती, तिथे निकालाच्या वेळी अठरा हजारांहून कमी उरली होती. शहरांकडे झालेले स्थलांतर, यंत्रे, बाजार अशी इतरही कारणे यामागे होती. पण ज्यांचे शेत समितीच्या नकारामुळे आणि उशिरामुळे गेले, त्यांना पन्नास हजार डॉलरांत ते परत मिळाले नाही. या तडजोडीने झालेली हानी पुसली जाणार नाही, हे खुद्द न्यायमूर्तींनीही मान्य केले आहे. वेळेवर न मिळालेली मदत पुढे भरपाई म्हणून मिळते, तेव्हा ती जमिनीची किंमत नसते. जमीन गेल्याची ती पावती असते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हे सगळे कोणा हुकूमशहाने केले नाही. निवडून आलेल्या स्थानिक समित्यांनी केले. इथे मला बाबासाहेबांची आठवण होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत राज्यघटनेचा मसुदा मांडताना, गाव हा राज्याचा पाया का नाही, असा आक्षेप घेणाऱ्यांना त्यांनी रोखठोक उत्तर दिले होते आणि गाव टाकून व्यक्ती हा घटक धरल्याबद्दल समाधान व्यक्त केले होते. त्या भाषणाबद्दल त्यांना आजही ‘ग्रामविरोधी’ म्हटले जाते. ग्रीन काऊंटीची हकीकत वाचल्यावर त्या भाषणाचा अर्थ अधिक स्वच्छ होतो. सत्ता खाली नेली म्हणजे ती आपोआप तळातल्या माणसाच्या हाती जात नाही. ती खाली जिथे कोणी आधीच बसलेला असतो, त्याच्या हाती जाते. समाजात समता नसताना कारभार स्थानिक केला, तर स्थानिक विषमतेला सरकारी शिक्का मिळतो. म्हणूनच १९४७ सालच्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात त्यांनी शेतजमीन सरकारच्या मालकीची करून ती जातपात न पाहता कसायला द्यावी, असे सुचवले होते. जमीन, पाणी, अवजारे आणि कर्ज हे सारे गावकीच्या हातून काढून घेण्याचा तो विचार होता.

अमेरिकेतल्या काळ्यांच्या प्रश्नाशी आपला संबंध आजचा नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी काळ्यांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाची प्रत मागितली होती आणि ड्यू बॉइस यांनी उत्तर पाठवले होते. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. पण आपण त्यांच्याकडून कविता घेतली, घोषणा घेतल्या, विद्रोह घेतला. त्यांनी दप्तरे तपासून, आकडे मांडून, समितीच्या टेबलापर्यंत जाऊन केलेली लढाई आपण पुरेशी घेतली नाही.

आता आपले गाव. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात, विदर्भात जी गारपीट झाली ती विसरण्यासारखी नाही. मी तेव्हा एम.ए. करीत होतो, सुट्टीत घरी होतो. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. आमचे वडील गायरानातला तीन एकरांचा तुकडा कसत. तो आजोबांनी दगडगोटे वेचून वहितीला आणलेला. त्यात ज्वारी उभी होती. गारांनी ती झोपवली, तशीच बांधापलीकडची पाटलांची ज्वारीही झोपवली. चार दिवसांनी पंचनाम्याला माणसे आली. पलीकडच्या शेतात थांबली, लिहून घेतले. आमच्या शेताच्या कडेने निघून गेली. मी मागे गेलो, विचारले. उत्तर मिळाले, ‘सातबारा आणा.’ वडील म्हणाले, ‘गारांनी काय सातबारा बघून मारलं का?’ कोणी रागावले नाही. हसले आणि पुढे गेले. १९९१ च्या शासन निर्णयाप्रमाणे भूमिहीन मागासवर्गीयांची गायरानावरची जुनी अतिक्रमणे नियमित करायची होती. वडिलांनी तसा अर्जही केलेला होता. त्याची पोच ट्रंकेत होती, अजूनही आहे. व्हर्जिनियातल्या त्या शेतकऱ्याचा अर्ज निदान पाच महिन्यांनी तरी निघाला.

दोन्हीकडची परिस्थिती एकच आहे, असे मी म्हणत नाही. ग्रीन काऊंटीतल्या माणसाचे नाव मदतीच्या यादीत यायला पात्र होते आणि त्याला सहीपाशी अडवले. आपल्याकडचा बहुसंख्य दलित कसणारा सहीपर्यंत पोचतच नाही. तो १९३३ च्या वाटेकऱ्याच्या जागेवर उभा आहे. आपल्याकडे पीकनुकसानीची मदत हेक्टरावर मिळते, ३३ टक्के वा अधिक नुकसान असेल तर मिळते (२०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती) आणि ती खातेदाराला मिळते. बटईने करणारा, गायरान कसणारा, फेरफार न झाल्याने आज्याच्याच नावावर राहिलेल्या जमिनीत राबणारा, हे सगळे खातेदार नाहीत. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, मोबाइलवर पीक नोंदवता येऊ लागले. पण नोंद सातबाऱ्यावरच होते. यंत्र नवे आले तरी त्यातला रकाना जुनाच राहिला. अमेरिकेतही वारसांत वाटप न झालेल्या, साफ कागद नसलेल्या जमिनीमुळे कित्येक काळ्या कुटुंबांना मदतीच्या योजनांची दारे बंद होती. २०१८ च्या शेती कायद्याने तिथे इतर पुरावे चालतील असे केले. म्हणजे मनात आणले तर रकाना बदलता येतो.

आणि भूमिहीन मजुराचे काय? पीक गेले की त्याची काढणीची मजुरी जाते, पण मजुरीच्या नुकसानीचा पंचनामा नसतो. १९७२ च्या दुष्काळात जमीनवाल्यालाही हाल सोसावे लागले, हे मान्य. पण भूमिहीनाला मदत म्हणजे काम, हेच तेव्हा ठरले. पाझर तलाव खोदा, खडी फोडा आणि मग धान्य घ्या. रोजगार हमी त्यातूनच जन्मली आणि तिने लाखो माणसे जगवली, हे मी नाकारत नाही. पण दोघांच्या संकटाकडे पाहण्याची दृष्टी वेगळी राहिली. ज्याच्याकडे जमीन आहे त्याचे नुकसान सरकार मोजते. ज्याच्याकडे नुसते हात आहेत त्याचे हात तेवढे मोजते.

काय करायचे? माझ्या मते आपल्या कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी चार गोष्टी धरून बसाव्यात. पंचनामा मालकाचा न होता कसणाऱ्याचा व्हावा. गायरानधारकाची, बटईदाराची वहिवाट शेजाऱ्यांच्या जबाबावर आणि प्रत्यक्ष पाहणीवर लिहून घ्यावी. पंचनाम्याच्या पंचांत वस्तीतला माणूस असावा. पंच म्हणजे पाच, पण ते पाचही एकाच आळीतले असतील तर तो पंचनामा कसला? लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेत वाचली जावी आणि ती ग्रामसभा वस्तीतही भरावी. आणि तक्रार ऐकणारा माणूस गावकीच्या बाहेरचा असावा, त्याला उत्तराची मुदत असावी. कारण ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच टेबलावर ती ठेवली की तिचे काय होते, हे अमेरिकेने चौदा-पंधरा वर्षे दाखवून दिले आहे.

याशिवाय एक काम असे आहे की त्यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट पाहायला नको. अमेरिकेतल्या शेतकऱ्याला खटल्यात विचारले गेले, ‘तुझ्यासारखाच कोण होता, त्याला काय मिळाले?’ ज्याने लिहून ठेवले होते तो सांगू शकला. उद्या आपल्यालाही हा प्रश्न कोणीतरी विचारणार आहे. म्हणून मी माझ्या वर्गातल्या खेड्यांवरून येणाऱ्या मुलामुलींना गेल्या दोन वर्षांपासून एक वही करायला सांगतो. आपल्या गावात कोणती आपत्ती केव्हा आली, पंचनाम्याला कोण आले, कोणत्या शेतात गेले, कोणत्या शेतात गेले नाहीत, कोणाला किती मिळाले, केव्हा मिळाले. तारीख, गट नंबर, पिकाचे नाव. त्यात शेरे लिहायचे नाहीत, राग लिहायचा नाही. नुसती नोंद करायची.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी स्वतःची वही सुरू केली. पहिल्या पानासाठी वडिलांना विचारले, गारपीट कोणत्या वारी झाली होती? त्यांना वार आठवला, वेळ आठवली, पलीकडच्या शेतात पंच किती वेळ थांबले तेही आठवले. बारा वर्षे कोणी विचारले नव्हते, एवढेच.